सालिहच्या तोटीचं पाणी

वारोविकचा रस्ता आधी चढतो. गावातून निघालं की अकरा किलोमीटर चढ, माथ्यावर खिंड, आणि पलीकडे चौदा किलोमीटर उतार. तो संपतो तिथे शहर. परत येतानाही आधी चढच. आमच्या गावाला सुखानं सुरू होणारी वाट देवानं दिली नाही, असं जुनी माणसं म्हणत.

या रस्त्यावर रुफात चौतीस वर्षं गाडी चालवत होता. आधी बापाची लाकडाची लॉरी, मग दुधाची टाकी, मग बस. बस बंद पडली तेव्हा पंचायतीनं एक पांढरी नऊ आसनांची गाडी जर्मनीहून जुनी म्हणून आणली आणि किल्ली त्याच्याच हातात ठेवली. अठ्ठावन्न वर्षांचा, आखूड मानेचा, फावड्यासारख्या हातांचा हा माणूस बोलायचा कमी. मात्र इंजिनाचा आवाज जरा बदलला की तोंडातलं वाक्य अर्धं सोडून कान द्यायचा. लग्नाच्या बोलणीतही तो असाच मध्येच उठून अंगणात गेला होता, कारण सासऱ्याच्या ट्रॅक्टरचा पट्टा सरकत होता. आतिजेनं पडद्याआडून ते पाहिलं आणि ठरवलं, की माणूस वेडा आहे, पण लक्ष देणारा आहे.

गाडीतली सात आसनं आता बहुतेक रिकामी असत. गावातली धडधाकट माणसं परदेशी विटा रचायला गेली होती. तरी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी साडेअकराला गाडी सुटायचीच. एक आसन रुफातचं आणि एक झुल्फियेकाकूचं. काकू एकाहत्तर वर्षांची, शेजारच्या घरातली, एकटी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शहरातल्या रुग्णालयात आठवड्यातून तीनदा, एक ते पाच, यंत्र तिचं रक्त धुऊन द्यायचं. एक खेप चुकली की पाय सुजत, दोन चुकल्या की छातीत पाणी. हे डॉक्टरांनी रुफातला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून त्या तीन दिवसांच्या सकाळी तो जेवणाचा घास नीट गिळत नसे.

जूनच्या पहिल्या मंगळवारी, सातव्या किलोमीटरला, काट्यानं पहिल्यांदा मान उचलली.

तापमानाचा काटा एरवी मध्यावर बैलासारखा बसून असायचा. त्या दिवशी तो उठला, चालू लागला, आणि नवव्या किलोमीटरला तांबड्या रेषेत शिरला. समोर लाल दिवा लागला. रुफातनं खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची आग अशी आत ओढून घ्यायची, हे प्रत्येक चढणीच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं.

"अरे, बाहेर गवत वाळतंय आणि तू मला शेकतोस?" मागून झुल्फियेकाकू म्हणाली.

"गाडी तापलीय, काकू."

"मी पण तापतेय. मला दिवा नाही म्हणून कळत नाही तुला."

तिला विनोद सुचत होता आणि रुफातच्या पाठीवरून घाम ओघळत होता. गाडी कशीबशी तोटीपर्यंत पोचली.

खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर ही दगडी तोटी आहे. दगडाच्या भिंतीतून मनगटाएवढी धार दिवसरात्र पडते. रुफातनं ती चोवीस वर्षांचा असताना स्वतःच्या हातांनी बांधली. याच वळणावर त्याचा बाप सालिह गेला. छातीत कळ आली तशी त्यानं लॉरी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि कातळाला टेकून बसला तो बसलाच. त्याच कातळातून पाझरणारं पाणी रुफातनं बांधून काढलं. मेलेल्या माणसाच्या नावानं पाणी वाहतं ठेवावं ही आमची रीत. पण या तोटीवर नाव नाही, नुसतं साल आहे. त्या काळी आमच्या लोकांची घरातली मुसलमानी नावं दगडावर कोरायला बंदी होती, आणि सरकारनं बदलून कागदावर दिलेलं नाव सालिहनं जिवंतपणी कधी ओठावर घेतलं नव्हतं. पुढे बंदी उठली. रुफातनं तरी दगडाला छिन्नी लावली नाही. पिणाऱ्याला माहीत आहे, म्हणाला.

बापाचा नियम होता की या वळणावर आधी गाडीला पाजायचं, मग आपण प्यायचं. रुफातनं तो मोडला नाही. दर वसंतात तो रेडिएटरमधलं थंडीचं रंगीत कूलंट काढून टाकायचा आणि इथलं पाणी भरायचा. या वर्षी हिवाळ्यापासून एक पाइप किंचित झिरपत होता, म्हणून दर खेपेला एक मग पाणी. दुकानातल्या बाटलीपेक्षा हे पाणी शंभरपट चांगलं, यात त्याला शंका नव्हती. राजधानीतून लोक डबे घेऊन इथे येत.

त्या मंगळवारी गाडी थंड व्हायला चाळीस मिनिटं गेली. काकू दार उघडून पाय बाहेर टाकून बसली होती, धारेकडे बघत. तिला दिवसाला मोजून चार पेले पाणी चालायचं. त्यातला एक घोट ती दर खेपेला या तोटीसाठी राखून ठेवायची, आणि रुफात तो बाटलीच्या टोपणातून आणून द्यायचा. आज तो घोट पहिल्याच मिनिटाला संपला. उरलेली एकोणचाळीस मिनिटं ती नुसतं बघत राहिली, आणि रुफात तिच्याकडे पाहायचं टाळत राहिला.

रुग्णालयात ते दोनला पोचले. परिचारिकेनं घड्याळाकडे बोट केलं. पुढची माणसं रांगेत होती, त्यामुळे काकूला चारऐवजी तीनच तास मिळाले.

त्या तीन तासांत रुफात प्लामेनच्या गॅरेजवर गेला. प्लामेननं स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र खुपसलं. पडद्यावर बिघाडाच्या कोडची अक्षरं उमटली.

"पी, शून्य, दोन, एक, सात," प्लामेननं वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन तापलं."

"ते मला म्हातारीनंही सांगितलं. का तापलं?"

"दादा, हा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. ताप आहे एवढं सांगतो. सर्दी की टायफॉइड ते आपण शोधायचं." त्यानं पंखा फिरवून पाहिला, पट्टा दाबून पाहिला, झिरपणारा पाइप आवळला. "पाणी कुठलं घालतोस?"

"कुठलं म्हणजे? तोटीचं."

"मग पाण्याचा प्रश्न नाही," प्लामेन म्हणाला. त्याच्या घरातही चहाला तेच पाणी जायचं. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, कोड पुसला आणि यंत्र रुफातच्या खिशात घातलं. "गुरुवारी परत दे. आणि दादा, काटा लाल रेषेत गेला की ओढू नकोस. हेड वाकलं की इंजिन संपलं. मग गाडीच नाही."

मग गाडीच नाही. हे शब्द घेऊन रुफात परतीचा चढ चढू लागला, आणि दहाव्या किलोमीटरला लाल दिवा पुन्हा लागला. ते चारदा थांबले. काकू या खेपेला मागे डोळे मिटून बसली होती. तीन तासांच्या धुण्यानं ती दमली होती. तिला घरात सोडताना रुफातनं तिच्या घोट्यांकडे पाहिलं. मोज्याचा काठ मांसात रुतला होता.

बुधवारी उजाडताच त्यानं यंत्र खुपसलं. पी शून्य दोन एक सात. पुसलं. इंजिन सुरू करून अंगणात ठेवलं, अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. तेच. चार वेळा पुसलं, चार वेळा ते परत आलं. पंचायतीत फोन केला. दुसरी गाडी पुढच्या आठवड्यात पाहू, म्हणाले. गावात उरलेली चाकं म्हणजे एक जंगलखात्याचा ट्रॅक्टर आणि दोन घोडे. काकूला पंचवीस किलोमीटर ट्रॅक्टरवर बसवणं शक्यच नव्हतं.

मग त्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि बापानं शिकवलं तसं हातानं पाहायला घेतलं.

एक गोष्ट त्याला कालपासून टोचत होती. इंजिन उकळतंय, हीटर पूर्ण उघडा आहे, मग आतला वारा नुसता कोमट का? म्हातारी 'शेकतोस' म्हणाली ते उन्हामुळे. हीटरचा वारा बाळाला न्हाऊ घालायच्या पाण्याइतकाच ऊन होता. घरात आग लागलीय आणि चूल थंड, असं कसं होईल? त्यानं रेडिएटरवर तळवा ठेवला. वरचा भाग पोळला. बोटं खाली सरकवली. मध्यावर एकदम गार. आणखी खाली, भर उन्हात, विहिरीच्या दगडासारखं गार. वरून गरम पाणी येत होतं आणि खाली जात नव्हतं.

तो तसाच वाकून उभा राहिला. पंप चालत होता, पाइप हाताला ठोके देत होता. मग अडतंय कुठे? आणि कशानं?

अंगणातल्या चुलीवर आतिजेनं डोंगरी चहासाठी किटली ठेवली होती. किटली गुरगुरू लागली. आमच्याकडच्या किटल्या गातात म्हणतात, पण ही तर जात्यासारखी घरघरत होती.

"व्हिनेगर घालून खरवडायला झालीय," आतिजे चुलीत लाकूड सारत म्हणाली. "महिना झाला. आता दुप्पट सरपण जळतं आणि पाणी काही उकळत नाही."

रुफातनं मान वर केली. वाक्य ऐकून तो जसा पूर्वी लग्नाच्या बोलणीतून उठला होता तसाच आत्ता निघाला, चुलीपाशी आला, फडक्यानं किटली उचलली आणि सगळा चहा गवतावर ओतून दिला.

"माझा चहा!"

तो किटलीत बघत होता. आतून पांढरी, खरबरीत, नखाएवढी जाड साल.

"हे किती दिवसांत होतं?"

"सांगितलं ना, महिन्यात."

"आणि तू केस पिंपातल्या पावसाच्या पाण्यानं का धुतेस?"

आतिजे त्याच्याकडे बघत राहिली. "कारण या पाण्याला साबण फेसाळत नाही. गावातल्या सगळ्या बायका तशाच धुतात. चाळीस वर्षं माझ्या केसांकडे बघतोस, आज कळलं?"

गाडी थंड होईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मग खालचा पाइप सोडला. आधी गढूळ पाणी आलं, आणि त्यामागून अंड्याच्या टरफलासारखे पांढरे कपचे, पसाभर. बापाच्या लॉरीच्या रेडिएटरमध्ये नळ्या होत्या बोटाएवढ्या. त्यांनी तीस वर्षं हे गिळलं असतं. या गाडीत फटी होत्या काडीएवढ्या.

आतिजेची पावलं ऐकून त्यानं बुटानं ते कपचे मातीत सारले. उशीर झाला होता.

"तोटीचं?" तिनं विचारलं.

"कोणाला बोलू नकोस."

"का?"

"लोक म्हणतील, सालिहच्या पाण्यानं गाडी मारली."

आतिजे त्याच्याशेजारी बसली. "पाणी डोंगरातून येतं, डोंगर घेऊन येतं. ते तोंडानं प्यायचं आहे. गाडीत तू घातलंस." थोड्या वेळानं म्हणाली, "आता काय लागेल?"

काय लागेल ते त्याला ठाऊक होतं: व्हिनेगर, आणि तेही गावभरातून मागून. त्यानं प्लामेनला फोन लावला. कपच्यांचं सांगितलं.

"मी पण तेच पाणी घालतो, दादा," प्लामेन म्हणाला. "माझ्या स्वतःच्या गाडीत." मग घसा खाकरला. "नवा रेडिएटर सोमवारी येईल. तोवर व्हिनेगरनं धू. निम्म्यास निम्मं पाणी घाल, आणि तोटीचं नको. अर्ध्या तासाच्या वर ठेवू नकोस, ॲल्युमिनियम खातं. तीनदा धू. होईलच असं सांगत नाही."

तीनदा म्हणजे चौदा-पंधरा लिटर व्हिनेगर. आतिजेच्या फडताळात होतं दीड लिटर. बाकीचं गावातल्या घरांतून, लोणच्यासाठी राखलेल्या बाटल्यांतून आणायला हवं होतं. आणि बाटली मागितली की प्रत्येक दारात कशाला हवी ते सांगावं लागणार होतं. रुफात फाटकापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. बापाचं नाव दगडावर नव्हतं, ते लोकांच्या तोंडात होतं. आणि आता तोच ते तिथे कडू करायला निघाला होता. मग त्याला काकूच्या मोज्याचा रुतलेला काठ आठवला, आणि तो शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

झुल्फियेकाकू पाय उशीवर ठेवून पडली होती. त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. ती खाट हलेपर्यंत हसली.

"अरे, माझा बाप चुना भाजायचा! या डोंगराचा दगड भाजून अर्ध्या मुलुखाच्या भिंती पांढऱ्या केल्या त्यानं. वारोविकमधला 'वार' म्हणजे चुनाच, गावाच्या नावातच आहे तो. आणि तू तो डोंगर मगानं मोजून गाडीला पाजलास?"

"हसू नका, काकू. उद्या गुरुवार आहे."

"मला माहीत आहे उद्या काय आहे." तिचं हसू मावळलं. ती छताकडे बघत म्हणाली, "काल रात्री उशा तीन घ्याव्या लागल्या. सपाट झोपलं की श्वास पुरत नाही." मग कोपऱ्याकडे हात केला. "त्या फडताळात पाच लिटर आहे. मला मीठ वर्ज्य, लोणचं वर्ज्य, ने सगळं. आणि ती खिडकी उघड."

"कशाला?"

"तुझ्याच्यानं दारोदार बोलवणार नाही. उघड."

त्यानं खिडकी उघडली, आणि त्या सुजलेल्या, दमलेल्या बाईनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "बायांनो! रुफातच्या गाडीची किटली झालीय! व्हिनेगर आणा!"

तासाभरात अंगणात बाटल्यांची रांग लागली. कोणी हसलं, कोणी बटाट्याची पोळी आणली, कोणी फुकटचा सल्ला. सालिहचं नाव एकदाच निघालं. म्हातारा मेंढपाळ यूमेर कपचे बोटात चुरत म्हणाला, "सालिह पण असाच होता. जिथे गेला तिथे चिकटून बसायचा." बायका खुदखुदल्या. रुफातला वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

पहिलं पाणी दुधासारखं पडलं. दुसरं ताकासारखं, कपच्यांसकट. दुसऱ्या धुण्यानंतरही मधला भाग गारच होता. तिसऱ्यांदा त्यानं पाणी उलट्या बाजूनं, खालून वर सोडलं. इंजिन चालू करून तो गाडीत बसला, हीटर पूर्ण उघडला आणि वाट पाहू लागला. कोमट. कोमट. मग आत कुठेतरी खळ्ळकन काही सुटलं, आणि तोंडावर चुलीसारखा वारा आला. डोळे मिटून, जूनच्या उन्हात, तो त्या झळेत बसून राहिला. घाम गळत होता तरी बाहेर येईना. आतिजेनं काचेवर टकटक केली तेव्हा त्यानं फक्त हात वर केला.

पिंपातलं पावसाचं पाणी आणि दुकानातलं कूलंट निम्मं-निम्मं त्यानं भरलं. आतिजेच्या केसांसाठी तळाला दोन तांबे उरले.

गुरुवारी साडेअकराऐवजी तो अकरालाच निघाला. काकूचा चेहरा फुगला होता आणि ओठ काळसर. तिनं विनोद केला नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली. सातवा किलोमीटर. काटा मध्यावर. नववा. काटा जरासा उठला. रुफातचा हात आपोआप हीटरकडे गेला आणि थांबला. काटा तिथेच घुटमळला, पुढे गेला नाही. दहावा. त्याला वाटलं, आपण श्वास घेतला तर तो हलेल.

वळणावर तोटी दिसली. त्यानं ठरवलं होतं की थांबायचं नाही. चालती गाडी मोडायची नाही.

"थांब," मागून हळू आवाज आला.

"काकू, आज नको. काटा—"

"माझा घोट राहिलाय."

"शहरात गेल्यावर देतो."

"शहरातलं पाणी मी आयुष्यात कधी मागितलंय? तुझ्या गाडीला पथ्य सांगितलंय, मला या पाण्याचं नाही सांगितलं."

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेक ओढला. खाली उतरून मागच्या चाकाला दगडही लावला. सवयीनं गाडीला पाजायचा मग त्याच्या हातात आला होता. तो त्यानं गाडीच्या पायरीवर ठेवला आणि बाटलीचं टोपण धारेखाली धरलं. काकूनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पाणी जिभेवर खेळवलं आणि डोळे मिटून गिळलं.

"आता तू पी," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत गाडीच्या आधी तो इथे कधी प्यायला नव्हता. तो क्षणभर बिननावाच्या दगडासमोर उभा राहिला, इंजिनाकडे एक कान देऊन. मग ओंजळ धरली. पाणी दातांत शिरशिरलं, गोड लागलं, नेहमीसारखंच.

पाऊणला ते रुग्णालयात पोचले. परिचारिकेनं काकूला चाकाच्या खुर्चीत घेतलं, वजन पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून तिला सरळ आत नेलं. "आज पूर्ण चार तास," ती जाता जाता म्हणाली.

रुफात गाडीत परत आला आणि खिशातलं यंत्र खुपसलं. पडद्यावर काही आलं नाही. त्यानं ते काढलं, फुंकर मारली, पुन्हा खुपसलं. काही नाही. चौदा किलोमीटरचा परतीचा चढ अजून बाकी होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर तळवा ठेवला. वर गरम होतं, मध्ये गरम होतं, खालीही. हात ठेववेनासा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग प्लामेनचं यंत्र परत द्यायला पायीच निघाला.